माझे डावे चाक

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. एका मोठ्या विमानतळावर माझी नोकरी. लांबचे प्रवासी येथे एका विमानातून उतरतात आणि दुसरे पकडतात. ज्यांचे पाय साथ देत नाहीत, त्यांना मी या विमानापासून त्या विमानापर्यंत पोहोचवते.

मित्रांनो, नवी होते तेव्हा माझा तोरा काही विचारू नका! गुळगुळीत फरशीवर अशी धावायचे, की लोक म्हणत, "गादीवर बसल्यासारखं वाटतं हो!" पुढे माझे पुढचे डावे चाक कुरकुरू लागले. मला ढकलणारे काका दर आठवड्याला तक्रार लिहीत. साहेब म्हणत, "चालतेय ना? मग चालू दे." खुर्च्या कमी आणि प्रवासी फार. माझे दुखणे साहेबांनी कानामागे टाकले.

एका दुपारी काकांनी एका आजींना माझ्यावर बसवले. अकरा तास एका जागी बसून त्यांचे पाय सुजले होते, चपलेचा पट्टा लागत नव्हता. विमान उशिरा आले होते. त्यातून व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात. पुढचे विमान सुटायला पस्तीस मिनिटे उरली होती.

"धाकटा भाऊ दवाखान्यात आहे," आजी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालेत, फार तर आजचा दिवस. पोचवाल ना हो?"

"पोचवतो, आजी. घट्ट धरून बसा."

काका धावत सुटले. तपासणीच्या रांगेत लोकांनी आम्हाला वाट करून दिली. लिफ्टही लगेच मिळाली. गेट समोर दिसू लागले आणि माझे चाक अडकले. काकांनी जोर लावला, लाथ घातली, मला उलटे ओढून पाहिले. चाक ढिम्म हलेना. त्यांनी फोन केला, पण दुसरी खुर्ची मोकळी नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"राहू द्या, मी चालते," म्हणत आजी उठल्या. चपला तिथेच टाकून, काकांचा हात धरून त्या अनवाणी निघाल्या. वीसेक पावले राहिली असताना दार बंद झाले.

"एकदा लावलेलं दार उघडता येत नाही हो, आजी," दारावरची मुलगी खाली बघत म्हणाली.

पुढचे विमान दुसऱ्या दिवशी होते. काकांनी आजींना परत माझ्यावरच आणून बसवले. संध्याकाळी भाचीचा फोन आला. मला सगळे ऐकू आले.

"आत्या, बाबा गेले. सारखे दाराकडे बघत होते गं."

आजींनी फोन मांडीवर ठेवला. मग काकांना म्हणाल्या, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्ही धावलात ना." माझ्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दुरुस्तीवाला बोलावला. त्याने चाकात गुंतलेले केस आणि दोरे चिमट्याने उपसले, तेलाचे दोन थेंब सोडले.

"एवढंच होतं?" काकांनी विचारले.

"एवढंच."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत काही कुरकुरत असेल, तर त्याच्याकडे वेळेवर बघा. माझे चाक आता सुरेख फिरते. ते एक दिवस आधी फिरायला हवे होते.