लाईट आली की नेट जातं

आमच्या मालकांचा राग स्टोव्हसारखा, भडकन पेटतो नि विझतो. माझा चुलीसारखा. पेटायला उशीर, पण एकदा पेटला की संध्याकाळपर्यंत धग जात न्हाई. त्या आठवड्यात आमच्या घरात दोन्ही पेटलेले होते, आणि कारण काय, तर नेट!

२००८ सालची गोष्ट. आमच्या केदारखेड्यात एका संस्थेनं बिनतारी नेट आणलं. पंचायतीत टेलिफोनच्या तारेतून नेट यायचं आणि तिथून पाच डबे एकमेकांशी हवेतून बोलायचे. एक डबा पंचायतीवर, एक शाळेवर, एक दवाखान्यावर, एक कचरूभाऊंच्या दूध डेअरीवर आणि एक आमच्या दुकानावर. एकाचं बोलणं दुसरा पुढं न्यायचा, म्हणून सगळे त्याला जाळं म्हणायचे. पाचही अँटेना मालकांनी स्वतः चढून बसवल्त्या. 'मच्छिंद्र रेडिओ टीव्ही दुरुस्ती' हा आमचा बोर्ड सतरा वर्षांचा. असं काम गावात दुसरं कोण करणार?

सुरुवातीला नेट झकास चाललं. मंग बिघडलं. कधी चालू, कधी बिलकुल मेलेलं. जालन्याहून संस्थेचे गिरिधर साहेब दोनदा आले, दोन्ही वेळा त्यांना बंदच सापडलं. मालक गच्चीवर चढून बघायचे, तर त्यांना चालूच सापडायचं. दोघं एकमेकाला खोटं पाडायला लागले. शेवटी पंचायतीत सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, "मच्छिंद्रराव, दोष तुमच्या फिटिंगमध्ये आहे. शुक्रवारी बारा वाजता मी येतो. तोवर सुरळीत झालं नाही तर डबे काढून वडीगोद्रीला नेतो. तिथले लोक वाट बघतायत."

मालक भडकले. "शुक्रवारपर्यंत मी दोष काढला न्हाई, तर दुकानाचा बोर्ड उतरवीन!"

घ्या! बोलून बसले. घरी आल्यावर मी म्हणलं, "बोर्ड काय तुमच्या एकट्याचा आहे? सतरा वर्षं तुमच्या शेजारी बसून सोल्डर कोण मारतंय?"

"तू गप, नंदा. तुला ह्यातलं काय कळतं?"

हे मला! पीठ लागलेल्या हातानं मी टीव्हीचा जळालेला पार्ट ओळखून देते, आणि मला काय कळतं? लई लागलं मला ते. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

शुक्रवार उजाडला. त्या आठवड्यात लोडशेडिंग सकाळी सहा ते दहा होतं. मालक आठलाच शाळेच्या गच्चीवर चढल्ते. मी दहाच्या सुमाराला ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेले. गिरणी शाळेला लागूनच आहे. लाईट आली, गिरणीचा पट्टा फिरला, आणि शाळेच्या कम्प्युटर खोलीतून पोरं ओरडली, "गेलं!"

मी तिथंच थबकले. मंगळवारी मी दळायला आल्ते, तेव्हापण पोरं अशीच ओरडल्ती.

गिरणीवाल्या बद्रीनाथला म्हणलं, "गिरणी बंद कर जरा."

"का हो वहिनी?"

"कर म्हणलं ना!"

त्यानं बंद केली. मी शाळेच्या खिडकीतून विचारलं, "आलं का रे?" पोरं म्हणाली, न्हाई. म्हणजे गिरणीचा दोष न्हाई. दोष लाईटीचा. लाईट आली की नेट जातं!

मंग सगळंच डोक्यात बसलं. लाईट असली की मालक दुकानात सोल्डर घेऊन बसतात. लाईट गेली की रिकामे, तेव्हा गच्चीवर चढतात. म्हणून त्यांना नेट कायम चालू. आणि साहेब जालन्याहून निघायचे ते लाईटीची वेळ विचारून, म्हणून त्यांना कायम बंद. दोघंही खरं बोलून राह्यले होते आणि भांडून राह्यले होते. शाबास रे शहाण्यांनो!

मी खालून हाक मारली, "अहो, अँटेना हलवू नका! लाईटीचा घोळ आहे!"

"सगळे डबे बॅटरीवर आहेत! लाईटीचा काय संबंध? पीठ घेऊन घरी जा!"

झालं, चूल पेटली. ज्वारी तिथंच ठेवली आणि तरातरा समोरच्या पंचायतीत शिरले. मनात म्हणलं, डबे बॅटरीवर, टेलिफोनचा मोडेम बॅटरीवर आणि थेट डब्याला जोडलेला, शाळेचे कम्प्युटर इन्व्हर्टरवर. मंग लाईट आल्यावर जागं होतंय काय? तर पंचायतीतला हब. कम्प्युटरच्या तारा जिथं एकत्र येतात ती आठ भोकांची पेटी. कम्प्युटर तिन्ही बंद होते, पण हबचे दिवे पिसाळल्यागत लुकलुकत होते. कोणी काही करत न्हाई आणि हे एवढं कोणाशी बोलून राह्यलंय?

मी हबची पिन उपटली.

"आलं!" शाळेतून पोरं ओरडली.

पिन परत लावली. दहा मोजले.

"गेलं!"

 आता हबमध्ये तारा किती असाव्यात? तीन कम्प्युटरच्या आणि एक गच्चीवरच्या डब्याची, बराबर चार. मोजल्या तर पाच! पाचवी निळी, खिडकीतून बाहेर गेलेली. मी ती तेवढी काढली. हब चालू, लाईट चालू, आणि पोरं जीव खाऊन ओरडली, "आलं, आलं!"

निळ्या तारेमागं निघाले. लिंबाच्या फांदीवरून, गल्ली ओलांडून ती गेल्ती कचरूभाऊंच्या डेअरीत, थेट त्यांच्या डब्याच्या पाठीत.

"भाऊ, ही तार कोणी लावली?"

"मीच की!" कचरूभाऊंची छाती फुगली. "लाईटीची एक फेज गेली की आपण घर दुसरीवर टाकतो न्हाई का? तसंच नेटचं. हवेतलं गेलं तर तारेतलं असावं. भोकरदनहून खास आणली."

काय बोलावं ह्या माणसाला! फेज बदलायची वायर गावात घरोघर आहे, आमच्याकडंही आहे. खरं सांगते, मीसुद्धा हेच केलं असतं.

बाराला जीप आली. मी साहेबांना पुढ्यात उभं करून तार लावून दाखवली, काढून दाखवली. साहेब कपाळावर हात मारून हसले. "वहिनी, हे डबे हवेतलं आणि तारेतलं नेट एकमेकांना जोडून देतात. त्याला आम्ही ब्रिज म्हणतो. पंचायत आणि डेअरीत हवेतून रस्ता होताच, तारेनं दुसरा झाला, म्हणजे गोल पूर्ण झाला. एकच निरोप त्यात फिरत राहतो, थांबतच नाही."

मला लगेच समजलं. मी पुष्पाबाईला काही सांगावं, तिनं द्वारकाबाईला, द्वारकाबाईनं तेच मला आणून सांगावं आणि मी नवीन समजून परत पुष्पाबाईकडं पळावं. मंग घरचं काम कधी व्हायचं?

साहेबांनी सगळ्यांसमोर मालकांचा हात धरला. "मच्छिंद्रराव, चुकलो मी. तुमची फिटिंग पक्की आहे. डबे इथंच राहतील." पोरांनी शिट्ट्या मारल्या. कचरूभाऊंनी लाजेपायी सगळ्यांना मसाला दूध पाजलं. एवढा आनंद मला झाल्ता की डोळ्यांत पाणी आलं.

पण मालकांनी दुधाला हातसुद्धा लावला न्हाई. तसेच दुकानावर गेले, शिडी लावली आणि बोर्डाचे स्क्रू काढायला लागले.

"अहो! जिंकलो ना आपण!"

"मी काय म्हणल्तो? मी दोष काढला न्हाई तर उतरवीन. मी काढला का? तू काढला."

बोर्ड सायकलला बांधला आणि गेले निघून. मी दुपारभर त्या उघड्या भिंतीखाली बसून त्यांच्या नावानं बोटं मोडली. डोकं फिरलंय म्हणलं ह्या माणसाचं!

संध्याकाळी सायकल आली. बोर्डाचा रंग ओला होता. 'मच्छिंद्र-नंदा रेडिओ टीव्ही नेट दुरुस्ती'. नंदा, बराबर मच्छिंद्राएवढ्याच अक्षरात.

मी बघतच राह्यले. मालकांनी मान खाली घालून शिडी लावली. "तुला ह्यातलं काय कळतं म्हणल्तो ना मी. चुकलं माझं. बाजूला हो, लावतो."

"थांबा," मी म्हणलं. पदर खोचला आणि त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. "शिडी तुम्ही धरा. बोर्ड मी लावते."

त्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.