सही होताना बोलायचं नाही

नदीकाठच्या चाळीस कुटुंबांची घरं धरणाच्या पाण्यातून वाचवणारे सॉलिसिटर म्हणजे आल्बन ट्रेलोर. कोर्टात बॅरिस्टर बोलायचे, पण मुद्दे आमच्या साहेबांचे. आमच्या विराबिला गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. १९६८ साली राज्याच्या सॉलिसिटर संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून येत होतं. मी त्यांची टायपिस्ट, नोरीन. लोक धरणाची गोष्ट सांगतात, मी त्यांच्या चुकीची सांगते.

मृत्युपत्रावर सही होताना खोलीत कोणी अवाक्षर काढायचं नाही, हा साहेबांचा नियम होता. म्हातारं माणूस स्वतःच्या मनानं सही करतंय, दुसऱ्याचा शब्द त्याच्या कानावर पडायला नको, असं त्यांचं म्हणणं. मला वाटायचं, चर्चमध्येसुद्धा इतकी शांतता नसते.

म्हाताऱ्या मिस ऑटवेंनी मृत्युपत्रात नदीकाठची कॉटेज आपल्या मेंढपाळाच्या, क्लॅरीच्या नावे केली. तीस वर्षं त्यानं त्यांची मेंढरं राखली होती आणि त्याच कॉटेजमध्ये राहिला होता. सही त्यांच्या व्हरांड्यात झाली. दोन साक्षीदार लागतात. एक मी झाले, दुसरी चहा घेऊन आलेली स्वयंपाकीण एल्सी.

पुढे बाई वारल्या आणि क्लॅरी एल्सीचा हात धरून ऑफिसात आला. ही माझी बायको, म्हणाला. साठीत लग्न केलं म्हणून गाव चेष्टा करील, या भीतीनं दोघांनी सहीच्या महिनाभर आधी परगावी जाऊन गुपचूप उरकलं होतं. एल्सीनं सवयीनं जुन्याच नावानं सही ठोकली होती.

साहेबांचा चेहरा उतरला. साक्षीदाराच्या नवऱ्याला ठेवलेली वस्तू कायद्यानं त्याला मिळत नाही. कॉटेज आता बाईंच्या सिडनीच्या भाच्याकडे जाणार होती.

मी पुढे झाले. "साहेब, मला लग्नाचं माहीत होतं. एल्सीची लग्नातली टोपी माझ्या आईनंच शिवली."

"मग बोलली का नाहीस?"

"सही चालली होती. आणि तुम्हाला माहीत नाही असं काही असेल, हे मला खरंच वाटलं नाही."

"नियम माझा, म्हणजे चूकही माझीच," साहेब म्हणाले. मग क्लॅरीकडे वळले. "समोरच्या मॉस वकिलाकडे जायचं आणि माझ्यावर भरपाईचा दावा लावायचा."

"त्या मॉसकडे? अरे आल्बन, त्याचं तोंड दिसू नये म्हणून मी रस्त्याच्या या बाजूनं चालतो."

"आज मीही तिकडेच येतोय. चल."

भरदुपारी, अख्ख्या बाजाराच्या देखत, साहेब क्लॅरीला घेऊन आपल्या तीस वर्षांच्या वैऱ्याच्या दारात गेले. मला अभिमानानं रडू आलं आणि लाजही वाटली. तिथे बसून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं: कॉटेज क्लॅरीलाच जावी ही बाईंची इच्छा होती; साक्षीदार त्याची कोण हे मी विचारलं नाही, आणि माझ्या नियमामुळे जिला माहीत होतं तिलाही बोलता आलं नाही. त्याची एक प्रत त्यांनी आपणहून संघटनेला धाडली. अध्यक्षपद दुसऱ्याला गेलं.

भाचा कॉटेज विकायच्या तयारीनंच आला होता. मॉसनं तो कागद त्याच्यापुढे ठेवला. भाच्यानं विचारलं, मावशीची इच्छा खरंच अशी होती कशावरून?

"तीस वर्षं मी या माणसाशी भांडतोय," मॉस म्हणाला. "भारी हेकट आहे. पण खोटं त्यानं एकदाही लिहिलेलं नाही."

भाच्यानं कागद दोनदा वाचला आणि कॉटेज क्लॅरीला द्यायला राजी झाला. आठवड्यानं दस्त तयार झाला. मॉसच्या खोलीत सगळे जमलो, भाच्यानं पेन उघडलं आणि जुन्या सवयीनं मी ओठ मिटले. साहेबांनी हात आडवा धरला.

"थांबा. नोरीन, बोल. काही राहिलंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "काही नाही, साहेब."

"मग करा सही."

पुढे बावीस वर्षं, ते जाईपर्यंत, माझ्या होकाराशिवाय त्यांच्या समोर एकही सही झाली नाही.