कुणाचा प्रश्न कुठल्या यंत्राला

नणंदेचा फोन कामाच्या वेळेत कधी येत नसे. त्या दिवशी तो सकाळी साडेअकराला आला, तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"अगं, तुमचं यंत्र खोटं बोलतंय," पलीकडून आवाज आला. "आत्ता एक सांगतं, घटकेनं दुसरंच."

नणंद मोठ्या रुग्णालयात चौथ्या मजल्याची मुख्य परिचारिका होती. अख्खा मजला तिला ताई म्हणायचा, घरी भावजयही. आणि भावजय ज्या कंपनीत होती, त्याच कंपनीने रुग्णालयाच्या नोंदी शोधायची प्रणाली बनवली होती. नंबर टाकला की रुग्णाची माहिती समोर.

"नीट सांगा ताई, काय झालं?"

"अपघात विभागातून एक बाई वर आल्या. इंजेक्शन लिहून दिलेलं. मी सवयीनं आधी नंबर टाकला, तर लिहिलेलं, कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही. बाई म्हणाल्या, खाली विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं की एका औषधानं अंग सुजतं. म्हणून पुन्हा शोधलं, तर लाल अक्षरांत नोंद हजर. तिसऱ्यांदा शोधलं, पुन्हा गायब."

"इंजेक्शन?"

"दिलं नाही. मला काय वेड लागलंय? खाली फोन करून खात्री केली, डॉक्टरांनी औषध बदललं. पण सगळ्याच जणी तीनदा शोधत नाहीत गं."

उंटावरून शेळ्या हाकायची तिला सवय नव्हती. तिने लॅपटॉप पिशवीत टाकला आणि वीस मिनिटांत चौथा मजला गाठला.

टेबलाशी ताईंनी तिला एक मोडकं स्टूल दिलं आणि "मध्ये मध्ये येऊ नकोस" म्हणून कामाला लागल्या. दोन तास ती बसून राहिली. फाइल हातात, फोन खांद्याशी धरलेला आणि एका बोटाने नंबर टाकला जातोय, असा तिथला शोध चालायचा. दर वेळी उत्तर कुठून आलं ते ती टिपत होती. नोंदींच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या यंत्रांवर होत्या आणि प्रश्न पाळीपाळीने तिन्हींकडे जात. चाळीस प्रश्नांपैकी तेरा तिसऱ्या यंत्राकडे गेले आणि त्यातल्या नऊ उत्तरांत सकाळच्या ताज्या नोंदी नव्हत्या.

कारण शोधायला फार खणावं लागलं नाही. रुग्णालयाचा सांख्यिकी विभाग रोज सकाळी मागच्या दहा वर्षांच्या नोंदींवर मोठमोठे हिशेब लावायचा. त्यातला सर्वांत अवजड त्या दिवशी तिसऱ्या यंत्राच्या वाट्याला आला होता. ते त्यात इतकं बुडालं होतं की नव्या नोंदी दाराशी खोळंबल्या होत्या. उद्या हीच पाळी पहिल्या यंत्रावर आली असती.

ऑफिसात परतल्यावर ती थेट आबांकडे गेली. आबा म्हणजे विभागप्रमुख. पाळीपाळीची ही पद्धत अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच बसवली होती आणि तिच्यावर त्यांचा लेकरासारखा जीव होता.

"तीन यंत्रं, तीन सारखे वाटे," आबा म्हणाले. "कुणावर अन्याय नाही."

"यंत्रांवर नाही, आबा. माणसांवर आहे. आपण सगळे घोडे बारा टक्के धरलेत. हातात सुई घेतलेली परिचारिका आणि दहा वर्षांची सरासरी काढणारा माणूस, दोघं एकाच रांगेत उभे आहेत."

"मग चौथं यंत्र घेऊ."

"त्यालाही हिशेबवाले दमवतील. यंत्रं कमी नाहीत. कुणाला कुठे पाठवायचं, ते आपण ठरवत नाही, एवढंच."

तिने फळ्यावर लिहिलं. मजल्यांवरचे प्रश्न पहिल्या दोन यंत्रांकडे. हिशेब फक्त तिसऱ्याकडे. आणि एका रुग्णाबद्दलचा प्रश्न दर वेळी त्याच एका यंत्राकडे, म्हणजे उत्तर घडीघडीला पालटणार नाही.

"आणि पहिली दोन्ही बंद पडली तर?" आबांनी विचारलं.

"तर तिसरं. पण मग पडद्यावर पिवळी पट्टी येईल, शेवटची नोंद किती वाजता पोचली ते सांगणारी. ताईंना तेवढं पुरे. त्या फोन उचलतील."

आबांनी फळ्यावरचे नियम एका कागदावर उतरवून घेतले. मग म्हणाले, "सरावाच्या यंत्रांवर लाव. ती बंद पाडायला तारा मी स्वतः काढणार."

मंगळवारी नियम लावून झाले आणि आबांनी खरंच बाह्या सरसावल्या. पहिली तार काढली, काही बिघडलं नाही. दुसरी काढली आणि पडदा कोरा झाला. पिवळी पट्टी आली, पण अकरा सेकंदांनी.

"अकरा सेकंद," आबा म्हणाले. त्यांच्या स्वरात किंचित समाधान होतं.

"माझी चूक," ती म्हणाली. "बंद यंत्राची वाट किती पाहायची, ते मी फार सैल ठेवलं. अर्ध्या तासाने पुन्हा तार काढा."

अर्ध्या तासाने पट्टी पापणी लवायच्या आत आली. आबांनी चार वेळा तार काढून पाहिली. पाचव्यांदा त्यांनी ती आपणहून नीट बसवली आणि हात झटकले.

गुरुवारी सकाळी अकराला, ऐन गर्दीत, तिने खऱ्या यंत्रांवर नियम लावले. "दुपारी शांत असतं, तेव्हा लाव," असं ऑफिसातल्या दोघांनी सुचवलं होतं. ती म्हणाली, गर्दीत टिकेल तेच खरं. आधी फक्त चौथा मजला, मग तासाभराने सगळं रुग्णालय. ताईंनी एकच नोंद सहा वेळा शोधली आणि फोनवर म्हणाल्या, "आता एका तोंडाने बोलतंय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवलाही.

तक्रार आली ती सांख्यिकीवाल्यांची. त्यांचा दहा मिनिटांचा अहवाल आता पंचवीस मिनिटं घेत होता.

"बरोबर आहे," तिने त्यांच्या प्रमुखांना शांतपणे सांगितलं. "तुमची वाट मीच अरुंद केली. तुमचा अहवाल पंधरा मिनिटं उशिरा आला तर कुणाच्या अंगावर सूज येत नाही."

प्रमुखांनी अहवालांचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर आम्हीच हिशेब पहाटे लावून ठेवले असते." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तसंच केलं.

महिन्याभरात दुसऱ्या एका रुग्णालयाचं काम आलं. आबांनी विचारलं, "नियम तेच चिकटवायचे ना?"

"नाही. तिथली गर्दी वेगळी असेल. आधी जाऊन बसायचं. आणि या वेळी तुम्हीही चला."

अकरा वर्षांत आबा एकाही मजल्यावर गेले नव्हते. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, वहीसुद्धा नवी. टेबलाजवळ उभे राहून पडद्यात डोकावू लागले, तोच एका तरुण परिचारिकेने मान वर न करता सांगितलं, "आजोबा, नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. नाव पुकारलं की या."

ती ओळख करून द्यायला पुढे झाली. पण आबा तोवर निमूटपणे बाकावर जाऊन बसले होते आणि दारातून दिसेल तेवढं वहीत लिहू लागले होते.