पाळण्याला कोण विचारतो!

मी नारीनच्या बर्फाळ डोंगरांकडचा पाळणा बोलतोय. वाळुंजाच्या लाकडाचा, बुडाला भोक असलेला. भोक बाळाच्या शी-शूच्या सोयीसाठी असतं, त्यामुळे माझी अब्रू ती केवढी!

उमसुनायची थोरली लेक सायराकान माझ्यात निजली. मग सतरा वर्षं मी कोंबड्यांचं खुराडं होतो. अंडी उबवण्यात मी बरा होतो, असं माझं आजही मत आहे. नंतर धाकटी चिनार आली.

उमसुनाय चिनारला सांगायची, "तुझी ताई मत्सरी गं. तान्हेपणी तुला बर्फात टाकायला निघाली होती. मी घाटातून परत आणलं." ताई घरात असली की पोर कडी लावून झोपायची. पुढे ताई दूर शहरात, बिश्केकला गेली, दोघींचं बोलणं बंद. खरं मला ठाऊक होतं. पण मी करकरलो की म्हणायचे, तेल घाला याला.

उमसुनाय वारली. चाळिसावा उरकल्यावर दुसऱ्या दिवशी चिनारच्या बाळाला माझ्यात ठेवायचं ठरलं. सायराकान चाळिसाव्याला आली होती, ती अजून गेली नव्हती. चिनारनं तिला उंबऱ्यातच अडवलं.

"तिथंच बस. माझ्या लेकराला हात लावलास तर बघ."

शेजारच्या दिल्देआजीनं रीतीप्रमाणे बाळ मुद्दाम उलटं धरलं. अशा वेळी उत्तर बाळाच्या आजीनं द्यायचं असतं, दुसऱ्या कुणी दिलं तर अपशकुन.

"नीट की उलटं?" तिनं विचारलं.

आजी कुठली आता! उमसुनाय तर गेली.

"उलटं!" उंबऱ्यातून सायराकान बोलून गेली, आणि तिनं तोंडावर हात दाबला.

"अगं, मावशीनं नाही बोलायचं, आजीनं..." दिल्देआजी म्हणाली आणि तिच्याकडे बघतच राहिली.

चिनार पांढरीफटक पडली. "तू तर मला बर्फात टाकायला नेलं होतंस ना?"

"टाकायला कुणी पाळण्यासकट नेतं का, बाई? घोड्यावर बांधला होता हा. लग्न नव्हतं झालं माझं. माझं लेकरू घेऊन पळत होते मी. आईनं गाठलं, तुला हिसकावून घेतलं, स्वतःची म्हणून वाढवलं."

मी तिथंच होतो. दोरीचे वळ अजून आहेत माझ्या अंगावर. पण पाळण्याकडे कोण बघतो!

चिनारनं दिल्देआजीच्या हातातून बाळ घेतलं. मग ती उंबऱ्याशी गेली.

"धर. पण आई नाही म्हणणार मी तुला. एवढ्यात नाही."

"नको म्हणूस."

बाळ अजून सायराकानच्या मांडीवरच झोपलंय. माझा एवढा मोठा समारंभ, आणि मी रिकामा! बायांनो, असू द्या. रिकामं राहून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. तिला तिथून उठवू नका.