एवढं संपलं की उठतो

सुजितने काउंटरवर प्रोसेसरचे दोन डबे ठेवले आणि सवयीचा प्रश्न विचारला, "ताई, वापर काय?"

"घरगुती," मृदुला म्हणाली. "मुलीची शाळा, लाइट बिल, फोटो."

"मग डोकं शिणवूच नका. हा इंटेलचा, चार कोअरचा. तो एएमडीचा, आठ कोअरचा. म्हणजे इथे चार माणसं कामाला, तिथे आठ. लाइट बिल भरायला आठ माणसं हवीत कशाला? लोक मेव्हण्याचं ऐकून मोठा नेतात आणि त्याच्यावर पत्ते खेळत बसतात."

दसऱ्याची सकाळ होती. चिंचवडच्या त्या दुकानात प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ होती. मृदुला चऱ्होलीहून जुना कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन आली होती. सुजितने तो जोडून पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एकही प्रोग्राम उघडा नाही, आणि प्रोसेसर जीव तोडून पळतोय. ही निळी पट्टी कसली? बंदही होत नाहीये."

"मिस्टरांचं काम आहे," ती म्हणाली.

मिस्टर जाऊन वर्ष झालं होतं, हे मात्र तिने सांगितलं नाही.

मधुसूदन घरी असून घरात नसायचा. चाकणच्या कंपनीत गाड्यांचे पत्रे दाबायच्या साच्यांचं, म्हणजे डायचं, डिझाइन करायचा आणि उरलेलं काम घरी आणायचा. पत्रा दाबल्यावर कुठे फाटेल याचं गणित कॉम्प्युटरला घालायचं आणि ती पट्टी भरायची वाट बघत टेबलावर अंगठा वाजवत बसायचं, हा त्याचा संसार. जेवायला हाक मारली की उत्तर ठरलेलं: "एवढं संपलं की उठतो." उठला की आधी ताटातल्या गोडाला बोट लावणार, मग हात धुणार. मृदुला ओरडायची आणि तो हसायचा.

गेल्या खंडेनवमीला तिने हळदकुंकू घेऊन त्याला विनवलं होतं. आज हत्यारांना विश्रांती असते, आजच्या दिवस तरी बंद करा. "चालू आहे गं, चालूच राहू दे," तो म्हणाला. तिने चालत्या यंत्रालाच कुंकू लावलं. तेवढ्यात कंपनीतून फोन आला. पट्टी अर्धी सोडून तो निघाला, आणि निघोजेच्या रस्त्यावर एका कंटेनरने त्याला गाठलं.

ज्या गाडीसाठी ते गणित होतं, ते मॉडेलच पुढे कंपनीने रद्द केलं. कामाला धनी उरला नाही, पण पट्टी सरकत राहिली. मृदुलाने वायर काढून कॉम्प्युटर आठवडाभर कपाटात ठेवला, तरी चालू केल्यावर पट्टी पुढेच गेलेली. माणसाचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही म्हणतात, ते तिला तेव्हा कळलं. दिवेलागणीला त्याच्या खुर्चीवर हात ठेवला की ती उबदार लागायची. पहिल्यांदा ती दचकली, आणि नंतर रोज हात ठेवू लागली. कॉम्प्युटर बदलायची वेळ आलीच तर सगळ्यात संथ प्रोसेसर घ्यायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. काम संपलं नाही तर माणूस उठणार नाही. इतका साधा हिशेब होता.

पण काल संध्याकाळी अनुया त्या खुर्चीत बसली होती. दहा वर्षांची पोर, मांडी घालून, डोळे पट्टीवर. मृदुलाने तीनदा हाक मारली.

"एवढं संपलं की उठते," अनुया म्हणाली. आवाज तिचाच होता, ठेका तिचा नव्हता. उजवा अंगठा टेबलावर वाजत होता. रात्री ती जेवली नाही, सकाळी दूधही नको म्हणाली. कडेवर उचलून आणायला गेल्यावर ती इतकी जड लागली की मृदुलाला हलवता आली नाही. आत्ताही शेजारच्या कुसुमताई तिच्याजवळ बसल्या होत्या, आणि पोर खुर्चीतच होती. पट्टीसकट कॉम्प्युटर घेऊन आई बाहेर पडली, तरी ती मागे राहिलेल्या कोऱ्या मॉनिटरकडे बघत होती.

"मग लहानच देऊ ना?" सुजितने विचारलं.

मृदुलाचा हात त्या लहान डब्यावर होता. तो तिथून निघता निघेना.

"मोठा द्या."

"अहो ताई, घरगुती कामाला..."

"घरगुती नाही. अडकलेलं काम आहे. लवकर संपवायचंय."

सुजितने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठा डबा उघडला. बोर्ड बदलला, आठ कोअरचा प्रोसेसर बसवला, जुनी डिस्क तशीच जोडली.

दुपारी घरी कॉम्प्युटर लावताच पट्टी धावू लागली. कुसुमताई आपट्याची पानं देऊन घरी गेल्या. मृदुलाने पुऱ्या तळल्या, श्रीखंड वाढलं, तीन ताटं मांडली. तिचे डोळे सारखे भरून येत होते आणि ती तळणाच्या धुराला बोल लावत होती.

दिवे लागले तेव्हा पट्टी काठोकाठ भरली. कॉम्प्युटरचा पंखा थांबला. घर गप्प झालं.

अनुया उठली नाही. मग ती खुर्ची, मांडी घालून बसलेल्या पोरीसकट, हळूच मागे सरकली. माणूस उठताना सरकते तशी.

"आई, भूक लागली," अनुया म्हणाली, आणि टुणकन उडी मारून खाली आली.

मृदुला तिला छातीशी धरून स्वयंपाकघरात आली. पोर हलकी होती. तिसऱ्या ताटात, श्रीखंडात, बोटभर खळगा पडला होता.

ओरडायचं तिच्या ओठांवर आलं होतं. निघालेल्या माणसाला आपण 'या' म्हणतो. अंगणातून शेजारी गेला तरी कुणी त्याला 'जा' म्हणत नाही. ती त्या ताटासमोर उभी राहिली. त्याला सोडायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

"झालं ना काम?" ती म्हणाली. "आता जा."

पुढच्या दाराची कडी वाजली. तिने जाऊन खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची थंड होती.

"आई," अनुया आतून म्हणाली, "बाबांच्या पुऱ्या मी खाऊ?"

"खा," मृदुला म्हणाली, आणि तिथेच खाली बसून पोटभर रडली.