तुला कोणता?

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. चेहऱ्यांचा. माझ्यावर ओळीने सहा तोंडं छापली आहेत. पहिलं हसतं, मधली हळूहळू पडत जाणारी आणि शेवटचं ढसाढसा रडणारं. एका छापखान्यात माझा जन्म झाला, अंगावर प्लॅस्टिक चढलं आणि परदेशातून उपचारांना येणाऱ्या मुलांच्या वॉर्डात मी खिळ्याला लटकलो. त्यांची भाषा इथे कुणाला येत नाही, म्हणून त्यांनी आपलं दुखणं माझ्यावर बोटाने दाखवायचं. आता माझा रंग उडालाय, कोपऱ्यांवर दुधाच्या दातांचे ठसे आहेत. पण एके काळी डॉक्टरांनी माझं तोंडभरून कौतुक केलं होतं, आणि मी ते सहा तोंडांनी ऐकून घेतलं होतं.

मला वापरायची ती वॉर्डातली सिस्टर. कामाला वाघीण, पण परक्या भाषेत पहिल्याच शब्दाला अडायची. प्रत्येक मुलाच्या घरच्यांकडून ती एक वाक्य शिकायची आणि माझ्या पाठीवर आपल्या लिपीत लिहून ठेवायची.

ठकू सहा वर्षांची, भारतातून आलेली, घरची भाषा मराठी. आई तान्ह्या भावापाशी राहिली, म्हणून पोटाच्या ऑपरेशनला तिच्याबरोबर आत्या आली होती. आत्याने सिस्टरला शिकवलं, "म्हणा, तुझा कोणता?" सिस्टरच्या जिभेला 'झ' काही झेपेना. दहा वेळा घोकल्यावर एकदाचं जमलं.

ऑपरेशननंतर ठकूला काचेच्या खोलीत ठेवलं. आत्याला दुपारी जेमतेम दहा मिनिटं दाराशी उभं राहू देत, तेव्हा ठकू बहुतेक झोपलेली असे. आत सिस्टर दिवसभर, आत्याचं ऐकून उचललेलं, "तुला पाणी? तुला दूध?" करायची. त्याच सवयीने तिने मला ठकूपुढे धरलं आणि विचारलं, "तुला कोणता?"

ठकूने सगळे चेहरे पाहिले आणि हसऱ्यावर बोट ठेवलं. कुणीही ठेवेल. रडका कोण मागून घेईल?

"हिला काही दुखत नाही," सिस्टर खुशीत डॉक्टरांना म्हणाली. दुखणं थांबवायचं औषध कमी झालं. दुसऱ्या दिवशीही हसराच, म्हणून आणखी कमी झालं. ठकू गुडघे पोटाशी घेऊन गप्प पडून राहायची. काय गुणी पोर आहे, सगळे म्हणायचे. अंगात थोडी कणकण होती, पण ऑपरेशननंतर ती असायचीच. तिचं गरम बोट माझ्यावर टेकलेलं होतं. मला सगळं समजत होतं आणि काहीच वाटत नव्हतं. इतक्या वर्षांत इतकी बोटं सोसून मी बधिर झालोय, हे सांगायची मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने विचारलं तेव्हा आत्या नेमकी दारात होती.

"अहो, 'तुला' काय? 'तुझा' म्हणा, 'तुझा'!" ती तिथूनच ओरडली. "तिला हवा तो दाखवतेय ती! ठकू, बाळा, दुखतंय का गं?"

"हो," ठकू म्हणाली. "पण हसरा कधी देणार?"

सिस्टरला शब्द कळले नाहीत. आत्याने स्वतःच्या पोटावर हात दाबून तोंड वेडंवाकडं केलं, ते कळलं. मग एकच धावपळ उडाली. आत पू झाला होता, पोट पुन्हा उघडावं लागलं. दोन दिवस आधी समजतं तर औषधावर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

आठवड्याने ठकू उशीला टेकून बसली. सिस्टरने मला पुढे धरलं आणि सावकाश विचारलं, "तु-झा कोणता?" 'झ' अगदी स्वच्छ आला.

ठकूने सहाही चेहऱ्यांवरून बोट फिरवलं.

"माझा ह्यात नाहीये," ती म्हणाली.

आत्याने ते हातवारे करून समजावलं. सिस्टरने मला पालथं ठेवलं, स्टूल ओढलं आणि ठकूच्या तोंडाकडे बघत बसली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फाटलो तर दुसरा छापता येईल. कुणाला दुखतंय का ते विचाराल, तेव्हा एवढंच करा. बोट कुठे टेकलंय ते बघून झालं, की मान वर करा.