बाहीवरची हळद

मी एप्रन बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, प्रयोगशाळेतला. गुडघ्यापर्यंत लांब, दोन ऐसपैस खिसे आणि एक कायमचं हरवलेलं बटण. परळच्या एका संस्थेत, औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळेच्या दाराशी काचेच्या कपाटात मी टांगलेला असतो. कपाटाला कुलूपसुद्धा आहे. जुन्यापान्या एप्रनला कुलूप कशाला, असं तुम्हाला वाटेल. तेच तर सांगायचंय.

माझा जन्म दादरचा. तिथल्या शिंप्याकडे शाळेचे गणवेश शिवत, म्हणून मला वाटायचं की आपणही शाळेत जाणार. गेलो तो थेट मधुरा मॅडमच्या अंगावर. गिरगावातल्या या बाई तेव्हा तरुण होत्या, आणि क्षयावर नवं औषध शोधायचं एवढं एकच वेड त्यांच्या डोक्यात होतं.

त्यांच्या अंगावर राहून मी जे पाहिलं, त्यानं आजही थक्क होतो. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात इवलेइवले खळगे ओळीनं मांडलेले. प्रत्येक खळग्यात आसवाच्या थेंबाहून कमी द्रव आणि प्रत्येकात वेगळा पदार्थ. एखाद्यानं क्षयाच्या जंतूला अडवलं, तर यंत्राच्या जांभळ्या उजेडात तो खळगा हिरवा चमकणार. वर्षानुवर्षं उत्तर एकच येई, नाही. आणि ही माणसं दुसऱ्या दिवशी हात धुऊन, नवी प्लेट घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारायला बसत. एवढी चिकाटी माणसाच्या अंगात येते तरी कुठून, देव जाणे.

पुढे मॅडम मोठ्या झाल्या, त्यांना नवा एप्रन आला आणि मी दारामागच्या खुंटीवर गेलो. लोक माझ्यावर छत्र्या अडकवत. एकानं तर समोसा खाऊन मला हात पुसले! शिकलेल्या माणसांच्या सवयी सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही.

मग दर्शना आली. लालबागच्या चाळीतली मुलगी, नुकतीच एम. एस्सी. झालेली, इथे उमेदवारीला लागलेली. एप्रन कमी पडले म्हणून मी तिच्या वाट्याला आलो. बाह्या लांब होत्या, म्हणून ती त्या दुमडून घ्यायची. पहिल्या दिवशी तिचा हात इतका थरथरत होता की मीसुद्धा हलत होतो. थेंब खळग्यात पडण्याऐवजी टेबलावर पडे. विनीत नावाचा दुसरा उमेदवार तिच्या बरोबरीचा होता. दिवाळीनंतर दोघांपैकी एकालाच कायम ठेवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "श्वास रोखू नकोस गं. सोडत सोडत दाब." हळूहळू तिचा हात बसला. रेशमाचा धागा ओवावा तसा ती थेंब सोडायला लागली, आणि मला पुन्हा कामाला आल्यासारखं वाटलं.

मॅडमचा एक नियम कडक होता. एप्रन घरी न्यायचा नाही. इथलं बाहेर जाता कामा नये, बाहेरचं आत येता कामा नये. पण दसरा आला आणि दर्शनानं मला गुपचूप पिशवीत घातलं. कारण तिचे आजोबा, आनंदा, गिरणीत जन्म घालवलेले. ते आठवडाभर एकच विचारत होते.

"अगो, दसरो इलो. तुजां हत्यार खंय हा?"

"आजोबा, माझं कसलं हत्यार? एप्रन आहे फक्त."

"मग तोच हाड. दसऱ्याक हळद लावल्याबिगर मी कधी साचो सुरू करूक नाय."

हाड म्हणजे आण, आणि साचा म्हणजे गिरणीतला माग. म्हाताऱ्यानं मला पाटावर ठेवलं, फूल वाहिलं आणि उजव्या बाहीला बोटभर हळद लावली. "काम हात करता. म्हणान बाहीक," ते म्हणाले. माझी आयुष्यात पहिल्यांदाच पूजा होत होती. खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटलं. दर्शनानं नंतर हळद झटकली, ओल्या फडक्यानं पुसली आणि दुसऱ्या दिवशी मला परत आणलं.

त्याच दिवशी प्लेट चमकली.

यंत्राच्या पडद्यावर हिरवं दिसताच विनीत ओरडला, "मिळालं यार, मिळालं!" मधुरा मॅडम धावत आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. कुणीतरी पेढे आणायला पळालं. दर्शनाच्या पाठीवर थापांवर थापा पडत होत्या. तिचा हात, तिची प्लेट. आता तिची जागा पक्की, असं सगळेच म्हणायला लागले.

दर्शना मात्र पडद्याकडे बघत राहिली. "विनीत, हा नुसत्या पाण्याचा खळगा पण चमकतोय बघ. यात औषध नव्हतंच."

"शेजारून सांडलं असेल. टेन्शन नको घेऊस."

तिनं टेन्शन घेतलं. चमकलेले सगळे खळगे प्लेटच्या एकाच कडेला होते, तिची उजवी बाही जिथे टेकायची तिथे. ती मला घेऊन अंधाऱ्या खोलीत गेली, दार लावलं आणि जांभळ्या उजेडाचा दिवा पेटवला.

काय सांगू तुम्हाला! मी सगळा निळा उजळलो. धुण्याच्या पावडरीमुळे पांढरे कपडे त्या उजेडात तसेच दिसतात. आणि बाहीची दुमड तिनं उलगडली, तर आत पिवळी-हिरवी, लखलखीत बोटाची खूण. तिथलीच पूड खळग्यांत झडली होती. हळद त्या उजेडात अशी पेटते, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. आणि दर्शना रडत होती. दिवा मालवून गप्प बसली असती, तर निदान दिवाळीपर्यंत कुणालाही कळलं नसतं. हे तिलाही समजत होतं, कारण तिची बोटं बराच वेळ दिव्याच्या बटणावरच होती.

मॅडम वरिष्ठांना कळवायला फोन लावत होत्या. दर्शना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, फोन नका करू. ते औषध नाहीये. हळद आहे."

"कसली हळद?"

"मी एप्रन घरी नेला होता. आजोबांनी दसऱ्याची पूजा केली."

मॅडमनी फोन खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिरवं दिसलं होतं गं," एवढंच म्हणाल्या. दर्शनानं दुसरा एप्रन घालून प्लेट पुन्हा लावली. सगळे खळगे काळेच राहिले. पेढ्यांचा खोका कुणी उघडला नाही.

दिवाळीनंतर जागा विनीतला मिळाली. दर्शना सामान आवरायला लागली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चाललीस कुठे? तुझी उमेदवारी परत पहिल्यापासून. काचसामान धुण्यापासून. नियम मोडलास म्हणून. आणि ठेवतेय, ते तू फोन थांबवलास म्हणून." पोरगी एकाच वेळी हसत आणि रडत होती.

आजोबांना तिनं वर्षभर काही सांगितलं नाही. पुढच्या दसऱ्याला मॅडमनीच त्यांना बोलावलं. आजोबा टॅक्सीनं आले, दर्शनाचा हात धरून आत आले. दिवे मालवले, जांभळा दिवा लागला. मॅडमनी माझी बाही उलगडून सगळी हकिकत सांगितली.

"ही माजी हळद?" म्हाताऱ्यानं विचारलं. "माज्यामुळे पोरीची जागा गेली?"

"जागा गेली. पण ती खरं बोलली म्हणून आमची वर्षं वाचली," मॅडम म्हणाल्या. "नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ही बाही दाखवते. कुणी धुऊ नये म्हणून हा कुलपात."

आजोबांनी वाकून त्या उजेडाकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून पुडी काढली. यंदाची हळद आणली होती. हात पुढे आला आणि थांबला. पुडी त्यांनी नातीच्या मुठीत दिली.

"आता हंय नको. घराकच ठेव. खरां औषध गावतलां, तेव्हा लाव."

आणि उंबऱ्यापाशी उभं राहून त्यांनी त्या प्लेटींना, त्या यंत्राला लांबूनच हात जोडले.

औषध अजून सापडलेलं नाही. दर्शना रोज नवी प्लेट घेऊन बसते, मी काचेतून बघतो. तुम्ही खोकल्याची साधी गोळी घ्याल, तेव्हा अशा न चमकलेल्या प्लेटींची एकदा आठवण काढा. माझं मागणं एवढंच. आणि ज्या दिवशी तो खळगा खरोखर हिरवा होईल, त्या दिवशी कपाटाचं कुलूप काढा. लालबागला एक पुडी वाट बघते आहे. माझी डावी बाही अजून कोरी आहे.